स्वभावाला औषध नाही, असं म्हणणाऱ्यांना

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या कर्जत, श्रीगोंदा, जामखेडच्या पट्ट्यात एखाद्या वस्तीवर चोरी झाली की पंचनामा व्हायच्या आधी निकाल लागलेला असतो. पारावर, एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाक्य फिरतं: ‘पारधीच असणार, रक्तातच आहे त्यांच्या.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. अलीकडे त्याला एक सुशिक्षित जोड मिळाली आहे. चांगली शिकलेली, दोन पुस्तकं वाचलेली माणसं आता म्हणतात, ‘भावनेच्या भरात बोलू नका. स्वभाव जन्मजात असतो हे आता विज्ञानानेच सिद्ध केलंय. जीन्समध्येच असतं ते. कितीही शाळा काढा, वसतिगृहं काढा, खाण तशी माती.’

हा लेख त्या दुसऱ्या वाक्याला उत्तर आहे. पहिल्या वाक्यामागे भीती असते. रानातल्या वस्तीवर एकट्या घरात राहणाऱ्या माणसाची भीती खरी असते आणि तिच्याशी वाद घालून उपयोग नाही. त्या माणसाला संरक्षण द्यावं लागतं. दुसऱ्या वाक्यामागे मात्र ज्ञानाचा दावा आहे. तो दावा तपासता येतो, आणि तपासला की टिकत नाही.

आधी त्यातलं खरं तेवढं मान्य करतो. मूल कोरी पाटी म्हणून जन्माला येत नाही. दोन लेकरं वाढवलेल्या कुठल्याही आईला हे सांगावं लागत नाही. एक पोर पहिल्या महिन्यापासून घड्याळ लावल्यासारखं झोपतं, दुसरं घर डोक्यावर घेतं. एक अनोळखी माणसाच्या कडेवर हसत जातं, दुसरं पदराआड तोंड लपवतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या अमेरिकन डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. हालचाल, झोपेची नियमितता, नव्या गोष्टीला प्रतिसाद, चिकाटी असे नऊ पैलू त्यांनी नोंदवले. हे फरक आईबापांनी काही शिकवायच्या आधीपासून दिसत होते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. तीन वर्षांच्या वयात जी मुलं अनावर होती किंवा बुजरी होती, त्यांच्या स्वभावाची छटा २६ व्या वर्षीही ओळखू येत होती. जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसामाणसांतल्या नाना गुणांच्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला. हे सगळं मला मान्य आहे.

आता या ४९ टक्क्यांचं आपले विद्वान काय करतात ते पाहा. तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. ते तो उचलून समाजासमाजांतल्या फरकाला लावतात. मुळात हा आकडा एका माणसालाही लावता येत नाही. ‘याचा राग अर्धा बापाकडून आला आणि अर्धा परिस्थितीतून,’ असं वाक्य त्यातून निघत नाही. मग एका जमातीबद्दल कुठून निघणार?

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागू नये. मालदांडी ज्वारीचं एकच पोतं घ्या. अर्धं बी सीनेकाठच्या काळ्या, ओल धरणाऱ्या रानात पेरा आणि अर्धं माळावरच्या मुरमाड पट्टीत. काळ्या रानातही सगळी ताटं सारखी होणार नाहीत; काही उंच, काही ठेंगणी, आणि तो फरक बऱ्याच अंशी बियाणाचा. मुरमाड पट्टीतही तसंच. पण दोन्ही रानांच्या सरासरीत जो कमरेएवढा फरक पडेल तो मातीचा आणि पाण्याचा. एका रानातला फरक बियाणाचा आहे, म्हणून दोन रानांतलाही बियाणाचाच, असं म्हणणाऱ्याला गावात कोणी शेतकरी म्हणणार नाही. रिचर्ड लेवोंटिन या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने १९७० साली बियाण्याचंच उदाहरण घेऊन हा मुद्दा मांडला. अर्ध्या शतकानंतर त्याच्या उलट बोलून वर ‘विज्ञान सांगतं’ म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

पारध्यांची एखादी वस्ती जवळून पाहिलेल्या माणसाला तर ही गोष्ट उघड दिसते. एकाच पालातली दोन भावंडं मी पाहिली आहेत, शिकवलीही आहेत. थोरला इतका मुका की त्याचं नाव त्याच्या तोंडून ऐकायला दिवाळी उजाडली. धाकटी बहीण पहिल्या दिवशी वर्गात आली, फळ्यासमोर उभी राहिली आणि खडू मागून घेतला. आई तीच, बाप तोच, पाल तेच, पोलिसांचा धाक तोच. या दोघांचा मिळून ‘पारधी स्वभाव’ कोणता सांगायचा?

तर मग ‘रक्तात आहे’ ही कल्पना आली कुठून? विज्ञानातून आली नाही. ती एका कायद्यातून आली, आणि त्या कायद्याचा इतिहास आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक फौजदाराने वाचायला हवा.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा तर्क असा होता की या देशात धंदे जातीने चालतात. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार. तारीख ध्यानात घ्या. मेंडेलचं वाटाण्यांवरचं संशोधन १८६६ मध्ये छापून झालं होतं, पण १९०० पर्यंत जगाने त्याकडे पाहिलंही नव्हतं. गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात हे पृथ्वीवर कोणालाच धड ठाऊक नसताना, काही जमाती जन्मतः गुन्हेगार आहेत हे सरकारी राजपत्रात छापून आलं. आज जीन्सचं नाव घेणारे विद्वान त्या राजपत्राचीच नक्कल करत आहेत.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेत लागू होता. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याचा अंमल मुंबई इलाख्यापर्यंत पोचला आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्रित करून घट्ट केला गेला. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय आजचं काहीच कळत नाही. सरकारने पारध्यांसारखी एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान नव्हतं. कोणी काय केलं हे सिद्ध करायची गरज नव्हती. नावं नोंदवहीत, बोटांचे ठसे पोलिसांकडे, ठरल्या वेळी हजेरी. गाव सोडायचं तर पास. सगळ्यांत कठोर उपाय म्हणजे सेटलमेंट, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात ती होती. तिथला भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. गिरण्यांना मजूर हवे होते, आणि कुंपणाच्या आतली माणसं कुठे जाणार नव्हती. कायद्यातलं आणखी एक कलम मला सगळ्यांत जास्त छळतं. सरकारला वाटलं तर या जमातींची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवता येत होती.

जवाहरलाल नेहरूंनी १९३६ मध्येच या कायद्यावर जाहीर टीका केली होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये मोडीत काढला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलीस ठाण्याच्या फायलीत जुनी नावं नव्या शीर्षकाखाली राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींबद्दलचे शेरे तर ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत टिकून होते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात ते घटनाबाह्य ठरवले. म्हणजे पारध्याच्या पोराकडे संशयाने पाहणं ही आपल्या पूर्वजांची अनुभवसिद्ध शहाणीव नाही. ती एका सरकारने कागदावर तयार केली आणि अनेक दशकं रोजच्या हजेरीतून गावागावांत मुरवली.

त्यातच पोटाचा धंदाही गेला. फासेपारध्यांचं जगणं शिकारीवर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो धंदाच गुन्हा ठरला. वन्यजीव वाचायलाच हवेत. कर्जत तालुक्यात १९८० साली रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य झालं याचा मला आनंद आहे. पण ज्यांचा धंदा कायद्याने काढून घेतला त्यांना बदल्यात जमीन दिली का, काम दिलं का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. १९७२ हे आपल्याकडचं दुष्काळाचंही वर्ष. ज्या घरात शेत नाही, गाव दारात उभं करत नाही, रानात हात घालायचा नाही, त्या घरातल्या माणसाने काय करायचं?

इथे मला अडवून कोणी विचारेल, मग काय चोऱ्या होतच नाहीत? पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत जानेवारी २००१ मध्ये दरोडेखोरांनी बायकांवर जे अत्याचार केले ते विसरायचे? नाही, अजिबात विसरायचे नाहीत. त्या रात्रीची आठवण आजही या जिल्ह्यातल्या बायकांच्या मनातून गेलेली नाही आणि त्या गुन्हेगारांना न्यायालयाने शिक्षा दिली ते योग्यच झालं. गरिबी आणि बालपण यांचं कारण पुढे करून मी कोणाचाही गुन्हा माफ करा म्हणत नाही. ज्याने केलं त्याने भोगावं. पण शिक्षा होते ती माणसाला. ती त्याच्या भाच्याच्या शाळेच्या दाखल्यावर का चढते? या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या, बँक बुडाली, म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यभराच्या ठेवी गेल्या. त्या बुडवणाऱ्यांच्या जातीच्या रक्ताची चर्चा पारावर झालेली मी ऐकली नाही. तिथे आपण म्हणतो, माणूस लोभी निघाला. तोच न्याय पालातल्या माणसाला लावायला काय हरकत आहे?

आता बालपणाकडे येतो, कारण खरा घडवणारा हात तिथे आहे.

माझ्या लहानपणी आमच्या माळावर पारधी तित्तर धरायला यायचे. जनावराच्या शेपटीच्या केसांचे बारीक फासे, बांबूच्या काटक्यांना बांधून, कुसळी गवतातल्या पाखरांच्या वाटेवर ओळीने रोवायचे. जवळच पिंजऱ्यात एक पाळलेला तित्तर. बाप तोंडाने साद घालायचा, पिंजऱ्यातला तित्तर ओरडायचा आणि रानातला त्याच्यावर चालून यायचा. बापाशेजारी, तरवडाच्या झुडपाआड, सात-आठ वर्षांचा मुलगा पोटावर पडलेला असायचा. अंगावर मुंगळा चढला तरी तो हलायचा नाही. पाखरू फाशापाशी येऊन परत फिरलं तरी श्वास सोडायचा नाही. पाखरू अडकलं की मात्र बाप उठायच्या आत त्याचा हात तिथे पोचलेला असायचा. एवढी स्थिर नजर आणि एवढा धीर मी पुढे शिक्षकांच्या कुठल्याही प्रशिक्षणात पाहिला नाही.

असाच मुलगा पुढे मराठी शाळेत येतो आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो: चंचल, लक्ष नाही, वर्गात बसत नाही. का बसावं त्याने? त्याची बोली गुजरातीला जवळची. बाईंची प्रमाण मराठी त्याला परकी. बाकावर शेजारी कोणी बसत नाही. वर्गात पेन्सिल हरवली की पहिली झडती त्याच्या दप्तराची. रानात बक्षीस मिळवून देणारा चपळपणा इथे खोड ठरतो आणि रानातलं मौन इथे मंदपणा ठरतं. थॉमस आणि चेस यांनी इतक्या वर्षांच्या अभ्यासातून हेच ताडलं होतं: कोणताही जन्मजात स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो, तो भोवतालच्या मागणीशी जुळतो की नाही यावर मुलाचं पुढचं सगळं ठरतं. जुळलं तर हट्टी मूल चिकाटीचं होतं, नाही जुळलं तर तेच मूल भांडखोर म्हणून शाळेबाहेर पडतं.

याचं टोकाचं उदाहरण दुष्काळातलंच आहे. केनियातल्या मसाई पशुपालकांत १९७० च्या दशकात मार्टेन डेव्रीस हा संशोधक तान्ह्या बाळांचे स्वभाव नोंदवत होता. मध्येच मोठा दुष्काळ पडला. तो परत गेला तेव्हा शांत, ‘गुणी’ बाळांपैकी बरीच दगावली होती आणि किरकिरी, आकांत करणारी बहुतेक जगली होती. जी रडून मागत होती त्यांना दूध मिळालं होतं. बाळं मूठभरच होती, त्यावरून नियम बांधू नये. पण दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपल्याला त्याचा अर्थ लगेच कळायला हवा. आज ज्या आडदांडपणाला आपण नावं ठेवतो, त्याच्याच जोरावर ते पोर आणि त्याचे पूर्वज जगले असतील.

आणि रात्रीचं काय? पालात झोपलेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडावर बॅटरीचा झोत पडतो. बापाला ओढून नेतात. आई मागे धावते. सामान विस्कटलेलं. सकाळी गाव म्हणतं, बरं झालं. हे एकदा झालं तर मूल विसरेलही. काही घरांत ते वर्षातून कितीदा होतं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांच्या बालपणातल्या आघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण, घरातली हिंसा, घरातला कोणी तुरुंगात जाणं असे आघात त्यांनी मोजले. आघात जितके जास्त, तितकं पुढे व्यसन, नैराश्य आणि शरीराचे आजारही जास्त, असं त्यांना आढळलं. सतत धोक्यात वाढणाऱ्या मुलाचं शरीर सावधपणाच्या पवित्र्यातच राहतं. असं मूल वर्गात दाराकडे तोंड करून बसतं. बाहेर मोटारसायकल थांबली की त्याचं गणित थांबतं. कोणी खांद्यावर अचानक हात ठेवला तर ते उलटून मारतं. बाई म्हणतात, ‘बघा, रक्तच तसलं.’ ज्या रात्री हे शिकवलं गेलं, त्या रात्री बाई तिथे नव्हत्या.

म्हणूनच दुसऱ्या एका गटाशीही माझा वाद आहे, आणि तो जास्त दुखरा आहे, कारण ती माणसं मनाने चांगली आहेत. ते म्हणतात, रक्तबिक्त काही नसतं, सगळा संस्कारांचा प्रश्न आहे. लेकरं लहानपणीच त्या वातावरणातून उचलून लांब नेली पाहिजेत, आईबापांची सावलीही पडता कामा नये. त्यांनी १९२४ च्या कायद्यातलं ते कलम एकदा वाचावं. मुलं तोडून नेण्याचा अधिकार सरकारने सुधारणेच्या नावानेच घेतला होता. कुटुंबापासून तोडलेल्या मुलांचं काय होतं तेही पाहा. रोमानियात चाउशेस्कूच्या राजवटीत हजारो मुलं सरकारी अनाथालयांत वाढली. सन २००० पासून बुखारेस्टमध्ये अशाच संस्थांतल्या १३६ बाळांचा काळजीपूर्वक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून अर्धी मुलं कुटुंबांत वाढवायला दिली, अर्धी संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, मेंदूचं कार्य, माणसाशी जोडलं जाणं, सगळंच सुधारलं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. मुलाला आधी एक हक्काचं माणूस लागतं, मग सुविचार. पालात ते माणूस असतं. पारध्याची आई आपल्या पोरावर तुमच्याआमच्याइतकीच जीव टाकते.

याचा अर्थ वसतिगृहं नकोत असा मुळीच नाही. हंगामात आईबाप भटकत असताना मुलाला एका जागी छप्पर, जेवण आणि शाळा मिळायलाच हवी. श्रीगोंद्यात बाबा आमट्यांच्या नावाने चालणारं वसतिगृह आहे, तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीचा प्रकल्प आहे. नगर शहरात गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये स्नेहालय सुरू केलं ते लालबत्ती वस्तीतल्या बायकांच्या मुलांसाठी. त्या मुलांबद्दलही हेच बोललं जायचं, ‘आई तशी लेक’. अशा ठिकाणांतून शिकून बाहेर पडलेली मुलं आज कामाधंद्याला लागली आहेत. माझी मागणी एवढीच की वसतिगृहाचं दार आईबापांसाठी उघडं असावं, त्यांना आत आल्यावर खुर्ची मिळावी, आणि मुलाला त्यांची लाज वाटायला शिकवू नये. स्वतःच्या आईची लाज वाटणारं मूल सुधारलं असं मी मानत नाही.

खाण तशी माती म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक भक्कम उत्तर आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता. त्यातली साधारण पाव मुलं चेरोकी या आदिवासी जमातीची होती. गोऱ्यांच्या लेखी तीही ‘तसल्याच’ रक्ताची. १९९६ मध्ये जमातीने आपल्या जमिनीवर कॅसिनो काढला आणि नफ्याचा वाटा प्रत्येक सभासदाला रोख मिळू लागला. कोणाचं समुपदेशन झालं नाही, कोणाचे संस्कारवर्ग झाले नाहीत. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये निष्कर्ष छापले: जी घरं दारिद्र्यातून वर आली त्यांतल्या मुलांचा आडदांडपणा, भांडणं, नियम मोडणं कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं झालं. कारण शोधलं तर साधं निघालं, आईबापांना मुलांकडे पाहायला वेळ मिळू लागला होता. नैराश्य आणि चिंता मात्र तशा हटल्या नाहीत. पैशाने सगळंच बरं होत नाही, तेही नोंदवतो. २०१८ मध्ये त्याच मुलांवरचा पुढचा अभ्यास आला. घरात आलेल्या पैशाने त्यांच्या स्वभावातली जबाबदारीची जाणीव आणि इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती वाढली होती, आणि ज्यांच्यात ती सुरुवातीला कमी होती त्यांच्यात जास्त वाढली होती. जमात तीच, जीन्स त्याच. ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीला यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणतं हवं?

आपल्याकडे ते औषध कुठे अडलंय तेही सांगतो. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. १९५० साली हा माणूस कुठे होता? गावाबाहेर, उघड्यावर, आज इथे उद्या तिथे. सातबारा नाही, घरपट्टी नाही, शाळेत नाव नाही. त्याची ज्या कागदावर सरकारने खात्रीने नोंद ठेवली ते कागद पोलिसांच्या हजेरीचे. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, घरकुल नाही, आणि गायरानावरच्या पालाला अतिक्रमणाची नोटीस मात्र नावानिशी येते. गृहचौकशी करून दाखले द्यायची तरतूद आहे. ती अधिकाऱ्याने वस्तीवर जाऊन राबवावी लागते. एका तालुक्यात एखादा चांगला तहसीलदार हे काम उचलतो, त्याची बदली होते, पुन्हा सगळं थंड. जिल्ह्याचं नाव बदलायला शासनाला वेळ मिळाला. अहिल्यानगर जिल्ह्याच्या प्रशासनाकडून या दाखल्यांची कालमर्यादा मागणं हे जास्तीचं मागणं नाही.

मागणं पोलिसांकडेही आहे. त्यांनी प्रसिद्धिपत्रकात आरोपीचं नाव द्यावं, वय द्यावं, कलमं द्यावीत. ‘पारधी टोळी’ हा शब्द काढून टाकावा. वार्ताहरांनी तो आला तरी छापू नये. छापून आलेला तो शब्द दुसऱ्या दिवशी शाळेत त्या समाजाच्या प्रत्येक मुलाच्या बाकावर येऊन बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि शिक्षकांनो, तुम्हाला हात जोडून विनंती: मूल वर्गात आल्यावर त्याचा स्वभाव ओळखायला महिना द्या. बुजऱ्याला सगळ्यांसमोर उभं करू नका, धावणाऱ्याला धावायचं काम द्या, त्याच्या बोलीतले दहा शब्द शिका. पेन्सिल हरवली तर झडती सगळ्यांची घ्या, नाहीतर कोणाचीच नको.

वाचकहो, जूनच्या मध्याला शाळा उघडतात. तुमच्या गावच्या गायरानावर, ओढ्याकाठी, बाजारतळामागे पालं पडलेली असतील तर तिथली सहा वर्षांची मुलं पटावर आली का, एवढं मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. आली नसतील तर हाताला धरून घेऊन जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.